सकाळची बोटं

मी गाडीच्या दारांची हँडलं बनवते. म्हणजे कारखान्यात बसून ठोकत नाही. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर डिझाइन करते आणि नमुना हातात आला की तो ओढून बघते. हँडल किती जोर लावल्यावर उघडावं, म्हाताऱ्या माणसाला जमेल का, थंडीत जाड हातमोजे घातलेल्याला जमेल का, यावर आमच्या तासन्‌तास मीटिंगा चालतात. नागपूरला कोणाला सांगितलं की म्हणतात, एवढ्यासाठी अमेरिकेला गेली होय? तर एक दिवस असंच एक हँडल टेबलावर आलं, मी ओढलं आणि ते उघडेना. मी चिडून म्हटलं, कोणी बनवलंय हे? शेजारच्या सहकाऱ्याने एका बोटाने उघडून दाखवलं. हँडल माझंच होतं आणि अगदी ठीक होतं.

त्याआधी वर्षभर काही ना काही चाललंच होतं. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सारखंच सुजायचं, वेलची केळ्यासारखं. टाच दुखायची. कानामागे आणि कोपरांवर खवले सुटायचे. सकाळी उठलं की हात आपले नसल्यासारखे, तास-दीड तास काही पकडताच यायचं नाही. पहिल्या डॉक्टरने कीबोर्डवर ठपका ठेवला आणि मनगटाला पट्टा दिला. दुसऱ्याने कोंड्याचा शाम्पू दिला. माझा नवरा पुण्याचा, त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. त्याने उशी बदलायला सांगितलं. असा प्रत्येकाने माझ्या एकेका तुकड्यावर इलाज करून पाहिला, आणि मी सगळ्यांवर खेकसत राहिले.

शेवटी जिच्याकडे पोचले ती सांधेदुखीची डॉक्टर. तिने सुजलेल्या बोटाकडे नंतर पाहिलं, आधी माझी नखं बघितली. नखांवर बारीक बारीक खड्डे होते, सुईने टोचल्यासारखे. मी म्हटलं, ते तर लहानपणापासून आहेत की काय कोण जाणे, माझं लक्षच नाही. ती म्हणाली, हा सोरायटिक आर्थरायटिस आहे; त्वचा, नखं, सांधे, टाच, हे सगळं एकाच आजाराचं काम आहे. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच उलटून आपल्या सांध्यांवर चाल करून येते. मग तिने विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का? मी ठासून सांगितलं, आमच्याकडे कोणाला काहीसुद्धा नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. शुक्रवारी रात्री घ्यायचे, शनिवार मळमळण्यात जायचा. पण खोटं कशाला बोलू, निम्मा आजार त्या गोळ्यांनी खाली बसवला. मी पुन्हा हँडलं ओढायला लागले. मग आम्हाला मूल हवं झालं, आणि तिथे गाडी अडली, कारण त्या गोळ्या पोटात बाळ असताना चालतच नाहीत. गोळ्या बंद केल्या तर हात जाणार, चालू ठेवल्या तर बाळाचा विचार सोडायचा. मी डॉक्टरसमोर बसून सरळ रडले. तिला म्हटलं, मला फार मोठं काही नको आहे, माझं मूल सकाळी रडलं तर मला माझ्या हातांनी उचलता आलं पाहिजे, बस.

तिने ते अगदी मनावर घेतलं. गोळ्या थांबवून काही महिने मध्ये जाऊ दिले आणि दर दोन आठवड्यांनी पोटावर किंवा मांडीवर टोचून घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. गर्भारपणातही चालतं आणि अंगावर पाजतानाही चालतं, असं ते औषध होतं. फ्रीजमध्ये ठेवायचं, टोचण्याआधी जरा बाहेर काढायचं, एवढेच त्याचे लाडकोड. पहिल्यांदा टोचताना मी इतकी घाबरले की नवऱ्यालाच घाम फुटला. पण दोन-तीन महिन्यांत माझ्या सकाळी बदलल्या. दिवस गेले, पोट वाढलं आणि हात शहाण्यासारखे वागत राहिले. डॉक्टरने फक्त एक बजावलं होतं: बाळंतपणानंतर हा आजार डोकं वर काढतो, तेव्हा एकही इंजेक्शन चुकवू नकोस.

आणि मग बाळंतपणाला आई आली.

माझी आई नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. रिटायर झालीय, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. बाबा गेल्यापासून एकटी राहते आणि एकटीने सगळं निभावते. डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरली ती डिंक, आळीव, खारका आणि बाळाच्या दुपट्यांनी भरलेल्या बॅगा घेऊन. दुसऱ्या दिवशी माझं स्वयंपाकघर तिचं झालं. इथे ज्यांच्या घरी देशातून आई किंवा सासू येते त्यांना हे ठाऊक आहे. आधी मसाल्यांच्या बाटल्या जागा बदलतात, मग चमचे, मग फ्रीज. आईला पुठ्ठ्याचा डबा फ्रीजमध्ये दिसला की चैन पडत नाही. सगळं काढून स्टीलच्या डब्यांत भरायचं. असे डबे मी कुठून आणणार, म्हणून ती ते नागपूरहून घेऊनच आली होती. माझ्या इंजेक्शनाच्या खोक्यांना तेवढं तिने सोडलं होतं, कारण मी पहिल्याच दिवशी डोळे वटारून सांगितलं होतं की याला हात लावायचा नाही.

मुलगी झाली. गोरीपान, रागीट, भरपूर जावळ. आईने मला ताब्यात घेतलं ते वेगळंच. जुलै महिना, बाहेर घामाच्या धारा, आणि ही मला कानाला रुमाल बांध, पायात मोजे घाल, गार पाण्याला शिवू नको. जमिनीतल्या ज्या जाळ्यांतून एसीची हवा येते त्यांवर तिने टॉवेल दाबून ठेवले. मी एक काढला की ती दुसरा ठेवायची. आमची रोज यावरून जुंपायची. मी म्हणायचे, आई, मी उकडून मरेन. ती म्हणायची, मर नाही तर काय कर, पण वारं लागू देऊ नको. इंजेक्शनाचंही तिला पटलेलं नव्हतं. औषध दुधातून पोरीच्या पोटात जाते, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. डॉक्टरने सांगितलेलं मी तिला समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं, पण मी टोचायला बसले की ती उठून मागच्या अंगणात जायची.

बाळाला मात्र ती कोणाच्या हाती देत नसे. सकाळी तेल कोमट करायची, पाय लांब करून बसायची, पोरीला पायांवर घ्यायची आणि तळहाताने आणि मनगटाने अशी मालिश करायची की पोरगी रडायचं विसरायची. टाळू भरायची, धुरी द्यायची. फायर अलार्म वाजला तेव्हा धुरी बंद झाली, एवढाच काय तो अमेरिकेचा विजय. माझे हात तेव्हा उत्तम चालले होते. बाळ रडलं की मी उठायचे, उचलायचे, खांद्यावर घ्यायचे. मला त्या साध्या गोष्टीचा इतका आनंद व्हायचा की कधीकधी ते रडत नसलं तरी उचलायचे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वादळ आलं. आमच्या भागात झाडं मोठी आणि विजेच्या तारा उघड्यावर. फांदी पडली की अख्खी गल्ली अंधारात. नवरा ऑफिसला होता, मी बाळाला पाजून वर झोपले होते. खाली आई एकटी. तिच्या भाषेत लाईन गेली. आता नागपूरच्या उन्हाळ्यात ज्या बाईने वर्षानुवर्षं लोडशेडिंग काढलं तिला लाईन गेल्यावर काय करायचं ते कोणी सांगायला लागत नाही. बाबांना डायबेटिस होता. लाईन गेली की आई त्यांचं इन्शुलिन डब्यात घालून माठाच्या गार पाण्यात सोडायची, आणि चार-चार तास लाईन आली नाही तरी इन्शुलिन गार राहायचं. इथे माठ नव्हता. तिने विचार केला, पोरीचं एवढं महागडं औषध, गरम झालं तर नासून जाईल. तिने खोकी फोडली, पुढच्या दोन महिन्यांची सगळी इंजेक्शनं एका स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि डबा फ्रीजरमध्ये बर्फाच्या आणि मटारच्या पिशव्यांखाली अगदी तळाला दडपून ठेवला.

लाईन दुसऱ्या दिवशी आली. पण एकदा गेलेली पुन्हा जाऊ शकते, या अनुभवाने तिने डबा तिथेच राहू दिला. मला सांगायचं राहून गेलं, किंवा तिला वाटलं असेल की सांगण्यासारखं त्यात काय आहे.

त्या आठवड्याच्या शेवटी माझा इंजेक्शनाचा दिवस होता. नवऱ्याने फ्रीज उघडला, खोकी नाहीत. त्याने मला विचारलं, मी आईला विचारलं. ती हसत उठली आणि म्हणाली, काळजी नको करू, मी नीट ठेवली आहेत. फ्रीजरमधून डबा काढून तिने माझ्यासमोर ठेवला. झाकणावर पांढरं दव साचलं होतं. आतली इंजेक्शनं दगडासारखी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोठलेलं औषध वितळलं तरी कामाचं नसतं, हे खोक्यावर लिहिलेलं होतं आणि खोकी कचऱ्यात गेली होती. आईला वाटत होतं, बाहेर ठेवलं की पातळ होईल. फार्मसीला फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, सगळी फेकून द्या. वर असंही म्हणाली की लाईट गेले तेव्हा ती नुसती ओट्यावर राहिली असती तरी काही दिवस चांगली राहिली असती. हे ऐकून मी फोन ठेवला आणि ते वाक्य जसंच्या तसं मराठीत आईला ऐकवलं. आवाज चढवून ऐकवलं. तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला, म्हटलं. तुझ्या नागपूरच्या अकला तुझ्या नागपूरला ठेव, असंही म्हटलं. नवरा मला आवरायला आला तर त्याच्यावरही ओरडले. आईने डबा घासून पालथा घातला आणि बाळाचे कपडे घड्या घालत बसली.

नवीन इंजेक्शनं मिळवणं म्हणजे डोक्याला ताप. विमा कंपनी म्हणे, तुमचा साठा दिलाय, वेळेआधी पुन्हा कसा द्यायचा? डॉक्टरची नर्स त्यांच्याशी भांडत होती, मी नर्सच्या मागे, फोनवरचं संगीत तर मला पाठ झालं. तोवर आधाराला म्हणून डॉक्टरने स्टिरॉइडच्या थोड्या गोळ्या दिल्या. त्यांनी जरा बरं वाटायचं, पण आजाराने डोकं वर काढायचं ते काढलंच. डॉक्टरने सांगितलं होतं अगदी तसंच. मधलं बोट पुन्हा सुजलं, त्याच्या शेजारचंही. टाच जमिनीला टेकवेना. सकाळी बाळाच्या झबल्याची टिचबटणं लावायला घेतली तर एक लागेना. पोरगी लाल होऊन रडत होती आणि मी तिच्यासमोर दोन निकामी हात घेऊन बसले होते. तिला उचलायची भीती वाटायला लागली. हातातून सुटली तर? एवढा एकच विचार दिवसभर डोक्यात असायचा. ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला होता, तीच हातातून गेली होती, आणि मला आईचं तोंड बघवत नव्हतं.

आई मात्र मुकाट्याने पोरीला सांभाळत होती. तिची आंघोळ, तिचे लंगोट, तिला माझ्या कुशीत आणून ठेवणं आणि पिऊन झालं की घेऊन जाणं. आमच्यात कामापुरतं बोलणं होतं.

मी माझा उपाय शोधून काढला. बोटं चालत नसतील तर बोटं वापरायचीच नाहीत. दोन्ही हात कोपरापर्यंत पोरीच्या खाली सरकवायचे, बोटं वर हवेत, आणि छातीशी दाबून अख्खं बाळ वर घ्यायचं. एकदा जमलं, दुसऱ्यांदा जमलं. मला माझंच कौतुक वाटलं. एका सकाळी नवरा कॉफी घेऊन दारात उभा होता, त्याने मला तसं उचलताना पाहिलं आणि सहज म्हणाला, "अगदी आईंसारखं उचलतेस की गं."

तो कॉफी पीत निघून गेला. मी पोरीला छातीशी धरून तशीच उभी राहिले.

खरंच की. आई असंच उचलायची. पहिल्या दिवसापासून. मालिश करायची ती तळहाताने आणि मनगटाने, बोटं कधी लावायची नाही. लोणच्याची बरणी उघडायची ती दाराच्या फटीत अडकवून. सहावारी सोडून ती गाऊनवर आली होती आणि मला वाटलं होतं, अमेरिकेची हवा लागली. पोळ्या ती करतच नव्हती, आयत्या मागवा म्हणायची, इथल्या छान मिळतात म्हणायची. पोळ्या आवडतात म्हणे! माझ्या आईला आयत्या पोळ्या आवडतात! मी आंधळी होते का काय, मला कळेना.

मी खाली गेले. आई ओट्यापाशी तेल कोमट करत होती. मी म्हटलं, "आई, हात दाखव."

तिने आधी नाही म्हटलं, मग हात पुढे केले. बोटांचे शेवटचे सांधे फुगून वाकडे झाले होते. एक करंगळी तर बाजूलाच वळलेली. नखांवर खड्डे होते, अगदी माझ्यासारखे. मी गाऊनची बाही वर सारली, तर कोपरावर तेल लावून चोपलेला खवला. किती वर्षांपासून, विचारलं. तिने चिकनगुनियाचं नाव घेतलं. आमच्या नागपूरकडे कुठलाही सांधा दुखला की चिकनगुनियाच्या नावावर खपवतात. मी म्हटलं, चिकनगुनियाने नखांना खड्डे पडत नाहीत. मग तिने तेलाखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, "तू झाली ना, त्यानंतरचं आहे ते. बाळंतवात. तुझी आजी म्हणाली, गार वारं लागलं."

म्हणून ते रुमाल. म्हणून ते मोजे आणि जाळ्यांवरचे टॉवेल. जे तिला झालं ते मला होऊ नये, म्हणून ती माझ्याशी रोज भांडत होती, आणि मी म्हणत होते, उकडतंय.

मग ती स्वतःहून बोलायला लागली. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. माझा शाळेत कायम बॉयकट होता. वर्गातल्या सगळ्या मुलींच्या दोन वेण्या, लाल रिबिनी वर बांधलेल्या, आणि मीच एकटी पोरासारखी. मी रडायचे, तर आई म्हणायची, उवा होतात, केस कापलेलेच बरे. त्यावरून मी तिच्यावर किती वर्षं राग धरला होता, मलाच ठाऊक. आई म्हणाली, "उवा नव्हत्या गं. सकाळी सकाळी माझ्याच्यानं वेणी घालणं होत नव्हतं. रिबिनीची गाठ बसत नव्हती. दोन-तीनदा शेजारच्या काकूकडे पाठवलं तुला, पण रोज कोणाला सांगू? म्हणून कापले."

मला रडू फुटलं. आई म्हणाली, आता काहून रडून राहिली, केस वाढले ना तुझे मोठे झाल्यावर. तिने माझ्या हातातून बाळ घेतलं, कोपरांवर, तसंच. त्या सकाळी आम्ही दोघींनी मिळून त्या पोरीला अंघोळ घातली. चार हातांत मिळून एक धड हात होता. तीही हसली, मीही हसले, आणि पोरगी तेवढी बोंबलत राहिली.

पुढच्या भेटीला मी आईला डॉक्टरकडे बरोबर घेऊन गेले, बाळाला धरायला म्हणून. डॉक्टरचं लक्ष माझ्याकडे कमी आणि बाळ धरलेल्या त्या हातांकडे जास्त. मी म्हटलं, तुम्ही मला विचारलं होतं ना, घरात कोणाला आहे का म्हणून? ही बघा. आई ट्रॅव्हलचा विमा घेऊन आलेली पाहुणी, इथे तिच्यावर औषधोपचार होणार नव्हते, हे डॉक्टरलाही कळत होतं. तरी तिने पाच मिनिटं काढली, हात बघितले आणि नागपूरला गेल्याबरोबर सांधेदुखीच्या तज्ज्ञाकडे जायला सांगितलं. आईचं आपलं एकच, आता काय उरलं, व्हायचे ते वाकडे झाले. मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर म्हणाली, वाकडं झालेलं सरळ होणार नाही, ते खरं आहे. पण सूज उतरते, दुखणं कमी होतं, आणि जे अजून धड आहे ते धड राहतं. मी ते मराठीत सांगितलं. आई मला म्हणाली, तिला विचार, सकाळचं जाईल का?

डॉक्टर म्हणाली, जाऊ शकतं. नक्की जाईल असं वचन तिने दिलं नाही.

इंजेक्शनं आली ती सप्टेंबर उलटून गेल्यावर. थर्माकोलचा खोका, आत गारेगार पिशव्या. आई चार पावलं लांब उभी राहून बघत होती, जणू खोक्यात जनावर आहे. मी म्हटलं, तूच ठेव फ्रीजमध्ये. ती म्हणाली, नाही बाप्पा. मी म्हटलं, ठेव. तिने दोन्ही हातांनी खोकं उचललं, दुधाच्या बाजूला मधल्या फळीवर ठेवलं आणि तीन वेळा दार उघडून बघितलं की ते खाली फ्रीजमध्येच आहे ना. त्या दिवशी मी टोचून घेतलं तेव्हा ती अंगणात गेली नाही. शेजारी बसली आणि विचारलं, दुखते का गं? मी सांगितलं, मुंगी चावल्यासारखं.

औषधाला परत जम बसवायला वेळ लागला. आधी टाच सुटली, मग बोटं. हॅलोविनच्या सुमारास एका सकाळी मी पोरीची सगळी टिचबटणं लावली, ओळीने, आणि आईला हाक मारून दाखवली. मला लाज वाटली नाही. आई म्हणाली, शाब्बास, आणि तिचा आवाज वर्गातला होता.

विमानतळावर निघताना मी तिच्याकडून वचन घेतलं. तिनेही माझ्याकडून घेतलं, इंजेक्शन चुकवायचं नाही. मी म्हटलं, मी नाही चुकवणार, तू जा मात्र. ती जाईन म्हणाली. आता ही बाई दुसऱ्याला औषध वेळेवर देईल, पण स्वतःच्या बाबतीत दिवाळी, तुळशीचं लग्न, मावशीकडची मुंज, काहीही पुढे करेल. मी फोनवर रोज भांडायचे. शेवटी मावशीला फितवलं आणि तिने ऑटोत घालून नेलं. तिथल्या डॉक्टरने हात बघून म्हटलं, बाई, इतकी वर्षं काय केलं? आई म्हणाली, भूगोल शिकवला.

तिलाही आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या, रक्ताच्या तपासण्या मागे लागल्या. पहिले दोन महिने तिला काही फरक नव्हता. तोंडाला चव नाही, दुसऱ्या दिवशी मळमळतं, बंद करते म्हणायची. मी म्हटलं, ते शनिवार मी सगळे काढलेत, मला नको शिकवू, डॉक्टरला सांग आणि गिळत राहा. तिने सांगितलं, त्यांनी काहीतरी बदलून दिलं, तिने गिळल्या. यात मी तिला आशा देत होते की फसवत होते, हे मलाही नेहमी कळायचं असं नाही. औषध प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही, आणि तिच्या सांध्यांना तर माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती.

आई मला सकाळी लवकर फोन करत नसे. तिची सकाळ म्हणजे बोटं सुटेपर्यंत पलंगावर बसून राहायची वेळ. तिचा फोन यायचा तो नागपूरला ऊन वर आल्यावर, तेव्हा इथे आम्ही झोपायच्या तयारीत. त्या दिवशी मी पोरीला वरण-भात भरवत होते आणि फोन वाजला. नागपूरला जेमतेम उजाडलं होतं. हातातला घास तसाच ठेवून मी फोन घेतला आणि विचारलं, काय झालं?

काही नाही, म्हणाली. आवाज बारीक होता. जाग आली, उठले, पाय खाली ठेवले आणि चालत मोरीपर्यंत गेले. नळ सोडला, तोंड धुतलं. तोंड पुसताना लक्षात आलं की काही दुखलंच नाही. मग परत येऊन पलंगावर बसले. काय करावं कळेना, म्हणून तुला फोन लावला.

पोरगी ताटलीतला भात टेबलावर पसरत होती.

थोड्या वेळाने आईने विचारलं, "लोक रोज असेच उठतात का गं?"

"हो आई," मी म्हटलं, "असेच उठतात."